गर्जना पेलणारा कागद



माझ्या परिचयाचा एक तरुण आहे. दिवसां तो बँकेंत नोकरी करतो आणि रात्रीं चार मित्रांसह गिटार वाजवतो. गेल्या वर्षीं त्यानें मोठ्या हौसेनें, तीन वर्षांची शिल्लक खर्चून, जुन्या घाटाचा, व्हाल्व्हवर चालणारा पन्नास वॉटचा ध्वनिवर्धक घेतला, आणि त्याला जोडण्यासाठीं एका लांकडी पेटींत प्रत्येकीं पंचवीस वॉट सोसणारे दोन स्पीकर बसवून घेतले. पंचवीस आणि पंचवीस पन्नास. हिशेबांत खोट नव्हती. तथापि तिसऱ्याच कार्यक्रमांत, मैफल ऐन रंगांत आली असतां, पेटींतून करपल्याचा वास आला, एक स्पीकर खरखरला आणि मुका झाला. दुसऱ्या दिवशीं तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, बेरीज बरोबर असूनहि स्पीकर कां जळाला? आणि आतां घ्यावयाचा तो कोणता घ्यावा, कीं जो टिकेल?"

प्रश्न साधा होता. परंतु त्याचें उत्तर एका वाक्यांत देण्याजोगें नव्हतें. हाच प्रश्न साठ-सत्तर वर्षांपूर्वीं कॅलिफोर्नियांतील आणि लंडनमधील कारागिरांपुढें उभा राहिला होता, आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतां त्यांनीं कित्येक स्पीकर जाळले होते. त्या खटाटोपाचा इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत ठेवण्याचा माझा विचार आहे.

प्रथम हें यंत्र काय आहे तें पाहूं. स्पीकर म्हणजे मूळांत एक कागदाचा शंकू. त्याच्या निमुळत्या टोकाला तारेचें एक बारीक वेटोळें चिकटवलेलें असतें, आणि तें वेटोळें लोहचुंबकाच्या अरुंद फटींत अधांतरीं लोंबत असतें. तारेंतून विजेचा प्रवाह जसा मागेंपुढें होतो, तसें वेटोळें मागेंपुढें सरकतें, कागद हवेला ढकलतो, आणि आपणांस आवाज ऐकूं येतो. या कल्पनेचें बीज एकोणिसाव्या शतकांतलें. पीटर जेन्सन हा मूळचा डेन्मार्कचा, पण अमेरिकेंत स्थायिक झालेला गृहस्थ. त्यानें आणि त्याचा सहकारी एड्विन प्रिडहॅम यानें १९१५ च्या सुमारास हलत्या वेटोळ्याचा कर्णा तयार करून मोठमोठ्या सभांपर्यंत मनुष्याचा आवाज पोंचवून दाखवला. पुढें १९२५ सालीं जनरल इलेक्ट्रिक कंपनींतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनीं आपला प्रबंध प्रसिद्ध केला, आणि आज घराघरांत असलेल्या स्पीकरची घडण तेव्हांच बहुतांशीं ठरून गेली.

परंतु एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. हा स्पीकर जन्मला तो दिवाणखान्यासाठीं. बातम्या, व्याख्यानें आणि वाद्यवृंदाचें सौम्य संगीत श्रोत्यांच्या कानीं घालावें, एवढेंच त्याचें काम होतें. अमेरिकेंतील नृत्यगृहांत त्या काळीं गिटारवाल्याची स्थिति मोठी केविलवाणी असे. पितळी तुताऱ्या आणि ढोल यांच्या कल्लोळांत त्या बिचाऱ्याचा आवाज शेजारच्यालाहि ऐकूं जात नसे. १९३० नंतर तारांखालीं चुंबक बसवून त्यांच्या कंपनांची वीज करण्याची युक्ति निघाली. १९३६ सालीं गिब्सन कंपनीनें या जातीची ईएस-१५० ही गिटार बाजारांत आणली, आणि चार्ली ख्रिश्चन या वादकानें तिला जॅझच्या मैफलींत मानाचें स्थान मिळवून दिलें. गिटारला कंठ फुटला खरा. पण तो कंठ रेडिओच्या स्पीकरचा होता. दिवाणखान्यांत कुजबुजण्यासाठीं घडवलेल्या कागदावर आतां गर्जना करण्याची पाळी आली.

त्या कागदाचें काय झालें, याचा एक पुरावा ध्वनिमुद्रिकेंत जपला गेला आहे. १९५१ च्या मार्च महिन्यांत आइक टर्नर यांचा ताफा 'रॉकेट ८८' हें गीत मुद्रित करण्यासाठीं मेंफिस शहरीं निघाला होता. वाटेंत गिटारवादक विली किझार्ट यांच्या ध्वनिवर्धकाच्या स्पीकरला इजा झाली. दुसरा आणावयास सवड नव्हती, म्हणून फाटक्या शंकूंत कागदाचे बोळे कोंबून काम भागवलें. त्यांतून जो घोगरा, भरभरणारा ध्वनि निघाला, तो टाकून देण्याऐवजीं मुद्रकानें तसाच ठेवला, आणि लोकांना तो आवडला! १९५८ सालीं लिंक रे यानें तर आपल्या स्पीकरला बुद्ध्याच भोंकें पाडलीं. त्याच्या 'रंबल' या वादनांत एकहि शब्द नाहीं. तरीहि अमेरिकेंतील कांहीं नभोवाणी केंद्रांनीं त्यावर बंदी घातली. १९६४ सालीं लंडनच्या डेव्ह डेव्हीसनें एका लहानशा ध्वनिवर्धकाचा शंकू दाढीच्या पात्यानें चिरला आणि 'यू रिअली गॉट मी' या गीताचा तो प्रसिद्ध खरखरीत नाद निर्माण केला.

या तीन गोष्टी मी केवळ गमतीखातर सांगितल्या नाहींत. यांतून गिटारच्या स्पीकरचें वेगळेपण समजतें. रेडिओचा स्पीकर हा निरोप्या. सांगितलें तेवढेंच त्यानें सांगावें. गिटारचा स्पीकर मात्र वाद्याचाच एक अवयव आहे, जसा तंबोऱ्याचा भोपळा. कागद किंचित् थरथरतो, मुरडतो, स्वरांत आपली भर घालतो. म्हणून जो कधींच डगमगत नाहीं तो स्पीकर उत्तम, असें येथें म्हणतां येत नाहीं. कागदानें डगमगावें, पण फाटूं नये. तापावें, पण जळूं नये. सारी कसोटी या दोन शब्दांमधल्या अरुंद वाटेवर आहे.

आतां कारागिरांकडे वळूं. कॅलिफोर्नियांत फुलर्टन गांवीं लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ गिटारी आणि ध्वनिवर्धक बनवूं लागला होता. त्याच्या 'बासमन' या यंत्रांत, १९५० नंतरच्या दशकांत, जेन्सन कंपनीचे दहा इंची चार स्पीकर एकाच पेटींत बसवलेले असत. एकावर पडणारा भार चौघांनीं वांटून घ्यावा, हा त्यांतील विचार. १९६० च्या सुमारास त्याच प्रांतांत डिक डेल नांवाचा वादक समुद्रलाटांच्या धडाक्यासारखें संगीत वाजवूं लागला. तो इतक्या जोरानें वाजवी कीं, फेंडरनें दिलेले ध्वनिवर्धक आणि स्पीकर एकामागून एक निकामी होऊं लागले. तेव्हां भार वांटण्याऐवजीं दुसरा मार्ग निघाला, तो म्हणजे एकच पण बळकट स्पीकर. जेम्स लान्सिंगच्या जेबीएल कंपनीचा डी-१३० हा पंधरा इंची स्पीकर निवडण्यांत आला. सामान्य स्पीकरचें वेटोळें एक-दीड इंच व्यासाचें असे. याचें तब्बल चार इंचांचें, आणि तेंहि ॲल्युमिनियमच्या चपट्या पट्टीचें. वेटोळें मोठें म्हणजे उष्णता बाहेर टाकण्यास जागा अधिक. हें त्याच्या दणकटपणाचें रहस्य.

इंग्लंडमध्यें हीच कथा निराळ्या वळणानें घडली. तेथें व्हॉक्सचा एसी-३० हा तीस वॉटचा ध्वनिवर्धक लोकप्रिय झाला, आणि त्यांत सेलेस्टियन कंपनीचे प्रत्येकीं पंधरा वॉटचे, बारा इंची दोन निळे स्पीकर असत. पंधरा आणि पंधरा तीस. आमच्या तरुण मित्राचाच हिशेब! स्वर अति गोड, परंतु राखीव बळ कांहींच नाहीं. लंडनच्या हॅनवेल भागांत जिम मार्शल या ढोलवादकाचें वाद्यांचें दुकान होतें. अमेरिकन यंत्रें महाग पडत, म्हणून १९६२ सालीं त्यानें केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांच्या साहाय्यानें फेंडरच्या बासमनवरून स्वतःचा ध्वनिवर्धक तयार केला. दोन स्पीकरांची पेटी त्याच्यापुढें टिकेना. म्हणून बारा इंची चार स्पीकर एकाच बंद पेटींत बसवले. पंधरा वॉटचे चार म्हणजे साठ वॉट. ही चार स्पीकरांची चौकोनी पेटी पुढें जगभर रॉक संगीताची खूणच होऊन बसली.

परंतु गर्जनेची भूक भागणारी नव्हती. १९६५ सालीं 'द हू' या ताफ्यांतील पीट टाउन्सेंड यानें मार्शलकडे शंभर वॉटची मागणी केली, आणि आठ स्पीकरांची एक प्रचंड पेटी बनवून घेतली. ती उचलतांना हमालांचे हाल होऊं लागले, तेव्हां तिचे दोन भाग करून एकावर एक रचण्यांत आले. रंगमंचावर दिसणारी ती उंच भिंत शोभेसाठीं जन्मली नाहीं. नाजूक कागदाचा जीव वांचवावा आणि माणसांच्या पाठीहि वांचवाव्या, या दुहेरी गरजेंतून ती उभी राहिली. याच सुमारास महागड्या अल्निको धातूच्या चुंबकाऐवजीं स्वस्त सिरॅमिक चुंबक आले. सेलेस्टियनचा पाठीवर हिरवें टोपण असलेला 'ग्रीनबॅक' प्रथम वीस व पुढें पंचवीस वॉटचा झाला, आणि अधिक वजनदार चुंबकाचा जी-१२-एच हा तीस वॉटचा निघाला.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. बेरीज बरोबर असून स्पीकर कां जळाला?

पहिलें कारण असें कीं, व्हाल्व्हच्या ध्वनिवर्धकावर लिहिलेले पन्नास वॉट हे स्वच्छ स्वराचे असतात. वादक जेव्हां तें यंत्र ताणून, स्वर फुटेपर्यंत वाजवतो, तेव्हां ध्वनिलहरींचीं शिखरें सपाट होतात आणि प्रत्यक्ष बाहेर पडणारी शक्ति लिहिलेल्या आंकड्याच्या बरीच पुढें जाते. कधीं कधीं दुपटीच्या जवळ पोंचते. आणि जुन्या घाटाचें यंत्र घेणारा मनुष्य तें ताणण्यासाठींच घेतो! दुसरें कारण उष्णतेचें. गिटारचा चांगला स्पीकरसुद्धां मिळालेल्या विजेपैकीं शेंकडा तीन ते सहा भागांचाच आवाज करतो. उरलेली जवळजवळ सर्व वीज त्या चिमुकल्या वेटोळ्यांत उष्णता होऊन राहते. जुन्या स्पीकरांत तें वेटोळें कागदी नळीवर गुंडाळलेलें असे. तास दीड तास असा ताप सोसल्यावर सरस सुटतो, वेडेंवांकडें झालेलें वेटोळें फटीच्या कडांना घासूं लागतें, आणि अखेर करपतें. आमच्या मित्राला आलेला वास तो हाच.

पुढच्या पिढीनें या दोषावर उपाय शोधले. कागदी नळीच्या जागीं उष्णता सोसणारे कॅप्टनसारखे कृत्रिम पदार्थ आले, सरस सुधारले, वेटोळीं रुंदावलीं. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस पांसष्ट वॉटचा जी-१२-६५ आला, अमेरिकेच्या इलेक्ट्रो-व्हॉइस कंपनीचा दोनशें वॉटचा, पण तितकाच वजनदार ईव्हीएम-१२-एल लोकप्रिय झाला, आणि १९८६ सालीं जुन्या स्वराची आठवण ठेवून घडवलेला, साठ वॉटचा 'व्हिंटेज ३०' निघाला. नांवांतील तीस हा आंकडा वॉटचा समजून पुष्कळजण फसतात, म्हणून मुद्दाम सांगतों.

मग सर्वांत दणकट तोच घ्यावा कां? येथेंच विवेक हवा. दोनशें वॉटचा स्पीकर पन्नास वॉटच्या यंत्रापुढें शंभर वर्षें टिकेल; पण तो डगमगणारहि नाहीं, आणि ज्या स्वरासाठीं जुन्या घाटाचें यंत्र घेतलें, त्या स्वराचा कागदाकडून येणारा भाग हरवेल. शिवाय आवाजाचा मोठेपणा केवळ वॉटवर अवलंबून नसतो. एका वॉटला ९७ डेसिबेल देणाऱ्या स्पीकरऐवजीं १०० डेसिबेल देणारा घेतला, तर पन्नास वॉटचें यंत्र शंभर वॉटच्या तोडीचें ऐकूं येतें. हा आंकडा खरेदीच्या वेळीं क्वचितच कोणी विचारतो.

म्हणून इतिहासानें शिकवलेला नियम मीं त्या तरुणास असा सांगितला: स्पीकरांची एकंदर सोसण्याची शक्ति यंत्रावर लिहिलेल्या आंकड्याच्या निदान दीडपट, आणि ताणून वाजवावयाचें असेल तर दुप्पट असावी. ओहमचा आंकडा यंत्राच्या मागील खुणेशीं जुळलाच पाहिजे. आणि स्पीकर जोडल्यावांचून व्हाल्व्हचें यंत्र कधींहि वाजवूं नये. कारण मग भार न मिळाल्यानें आंतील ट्रान्स्फॉर्मरमध्यें विजेचा दाब भयंकर चढतो आणि तोच फुटतो.

त्यानें विचारलें, "एक जुना स्पीकर शाबूत आहे. त्याच्या जोडीला साठ वॉटचा एक नवा घेतला तर?" बचतीचा विचार चांगला होता, पण तो मला मोडावा लागला. दोन्ही सारख्या ओहमचे असले म्हणजे शक्ति निम्मी निम्मी वांटली जाते. बलवान सोबत्यानें कितीहि पेललें तरी दुबळ्याच्या वांट्याचा भार रतिभरहि कमी होत नाहीं. जोडीचें बळ दुबळ्याच्या दुपटीइतकेंच.

त्याच्यापुढें दोन वाटा होत्या. एक १९६२ सालची, म्हणजे पंचवीस वॉटचे चार स्पीकर. दुसरी १९८६ सालची, म्हणजे साठ वॉटचे दोन. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या आणि लोकलनें प्रवास करणाऱ्या माणसास पहिली वाट परवडणारी नव्हती. त्यानें दुसरी धरली. आणि तो उरलेला पंचवीस वॉटचा स्पीकर? तो त्यानें फेंकला नाहीं. घरीं रियाजासाठीं त्याच्यापाशीं दहा वॉटचें एक लहान यंत्र आहे. त्याला तो जोडला. परवां मीं त्याच्याकडे गेलों असतां तो हलक्या आवाजांत वाजत होता. दिवाणखान्यासाठीं जन्मलेला कागद अखेर दिवाणखान्यांत परतला होता, आणि खरें सांगावयाचें तर तेथें तो फार गोड वाजत होता.