रक्षा, माती आणि एक मृत्युपत्र

बालकवींचा मृत्यू खानदेशातील मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असतो. धरणगावी १८९० साली जन्मलेला हा कवी ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेगाडीखाली सापडला. ज्या घराने त्याला नगरला पोटच्या मुलाप्रमाणे वागवले, त्या घराचे कर्ते रेव्हरंड नारायण वामन टिळक पुढल्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत निवर्तले. टिळकांच्या अंत्यविधीकडे मात्र आमच्या वर्गांतून सहसा कोणी वळत नाही. आपल्या देहाचे दहन व्हावे, अशी इच्छा ख्रिस्ती धर्मोपदेशक असलेल्या टिळकांनी लिहून ठेवली होती. ती पाळली गेली आणि रक्षा नगरला नेऊन पुरण्यात आली. अग्नी आणि माती या दोहोंना त्यांनी असे एकत्र आणले.

टिळक प्रॉटेस्टंट होते, म्हणून हे निभावले. ते कॅथलिक असते तर काय झाले असते, हा प्रश्न केवळ कल्पनाविलासाचा नाही. त्यांच्या मृत्यूच्या जेमतेम एक वर्ष आधी, १९ मे १९१८ पासून, कॅथलिक चर्चची नवी धर्मसंहिता अमलात आली होती. तिने दहनास मनाई तर केलीच, शिवाय कोणी मृत्युपत्रात दहनाची आज्ञा ठेवली असेल तर ती पाळणे गैर ठरवले. आणि मरेपर्यंत ती इच्छा मागे न घेणाऱ्यास चर्चचा दफनविधी नाकारला. टिळकांचे मृत्युपत्रच त्यांच्या विरुद्धचा पुरावा ठरले असते!

ही कठोरता आली कोठून? देह जळाला म्हणून पुनरुत्थान अडते, असे चर्चने कधीच म्हटले नाही. हुतात्म्यांना जिवंत जाळले गेले, त्यांचे काय, हा प्रश्न जुनाच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीत दहनाची चळवळ उभी राहिली, मिलान येथे १८७६ साली दाहगृह सुरू झाले, आणि तिच्या पुरस्कर्त्यांत चर्चविरोधी फ्रीमेसन मंडळी पुढे होती. दहन म्हणजे पुनरुत्थान नाकारल्याची जाहीर द्वाही, असा अर्थ तेथे झाला होता. त्यावर १८८६ साली रोमने बंदी घातली. आमच्या मते या प्रकरणातील खरी विसंगती येथे आहे. इटलीत जी कृती नास्तिक्याची खूण होती, ती तापीकाठी शेकडो पिढ्यांची श्रद्धा होती. युरोपातल्या घरगुती भांडणाचा निवाडा येथल्या नवख्रिस्ती माणसाच्या चितेवर लागू झाला. रोमला याची अगदीच कल्पना नव्हती असेही नाही. विशाखापट्टणमकडून उच्चवर्णीय नवख्रिस्ती लोकांच्या दहनाविषयी पृच्छा झाली, तेव्हा १८८४ साली उत्तर आले ते असे, की संमती देऊ नये, पण अडवूही नये.

१९६३ साली ही बंदी उठली. ख्रिस्ती श्रद्धेस विरोध म्हणून दहन निवडले नसेल तर हरकत नाही, असे ठरले. १९८३ च्या संहितेतही तेच आहे, दफनाची शिफारस मात्र कायम आहे. रक्षेचे पुढे काय करावे, हे २०१६ च्या सूचनापत्राने सांगितले: ती पवित्र स्थळी ठेवावी, घरी ठेवू नये, कुटुंबीयांत वाटू नये, वाऱ्यावर वा पाण्यात सोडू नये.

आमच्या भागात अडचण नेमकी येथे येते. धुळे-जळगावकडे कॅथलिक समाज विरळ आहे आणि घरोघरी नातीगोती हिंदूंशी जोडलेली. सरणावर दहन झाले की राख सावडायची, अस्थी मुडावदला पांझरा-तापीच्या संगमावर वा चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर न्यायच्या, हे भाऊबंदांना कोणी शिकवावे लागत नाही. कॅथलिक कुटुंबास मात्र सावडलेली सारी रक्षा एका कलशात घेऊन दफनभूमीत ठेवायची असते. म्हणून ज्यास दहन हवे आहे त्याने ते आधीच लिहून ठेवून धर्मगुरूंच्या कानी घालावे. पार्थिवासमोर मिस्सा आधी व्हावी, मग स्मशान, हा क्रम ठरवावा. दफनभूमीत कलशापुरती जागा आहे का, हे विचारावे. आणि भाऊबंदांना रक्षेविषयी जिवंतपणीच सांगावे. सावडायच्या दिवशी कलश हाती धरून हा वाद घालणे फार क्लेशाचे असते.

डिसेंबर २०२३ मध्ये रोमने आणखी एक दार किंचित उघडले. मृताच्या जीवनात ज्या स्थळास विशेष अर्थ होता तेथे रक्षेचा अल्पसा अंश जपून ठेवण्याच्या विनंतीचा विचार चर्चचे अधिकारी करू शकतात. एक अट अशी, की त्यात निसर्गपूजेचा वा तत्सम गैरसमजाचा भाग नसावा. विसर्जनाची मनाई तशीच आहे. संगमाच्या पाण्यात मूठभर रक्षा सोडता येणार नाही. संगमाकाठच्या गावी, आजोळच्या मातीत ती ठेवता येईल का, हे अर्ज करणाऱ्याने विचारायचे आहे. टिळकांना असा अर्ज कोणाकडे करावा लागला नव्हता.