मुक्कामाचा हक्क आणि मुक्कामाचे ऋण

ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरम वसाहतीतील काही तरुण मंडळी गेल्या हिवाळ्यात एक प्रश्न घेऊन माझ्याकडे आली. शिवपुरीच्या बाजूस रानातून जाणाऱ्या एखाद्या कच्च्या रस्त्याच्या कडेला तंबू ठोकावा आणि दोन रात्री काढाव्यात, असा त्यांचा बेत होता. ना विश्रामगृह, ना दिवाबत्ती, ना भाडे. "काका, रान सरकारचे, म्हणजे आपल्या सर्वांचेच. मग तेथे फुकट राहण्यास हरकत कोणाची?" असा त्यांचा सवाल. कायद्याचे उत्तर मी तेथल्या तेथे दिले. परंतु इतिहासाचे उत्तर देण्यास मला बरेच मागे जावे लागले.

वास्तविक आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी लोकांना हा विषय परका नसावा. शहराच्या ज्या भागास लष्कर म्हणतात, तो मूळचा एक मुक्कामच होय. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस छावणी दिली आणि ती पुढे उठलीच नाही. तंबूंच्या जागी वाडे आले, बाजार आले, नाव मात्र लष्कर हेच राहिले. त्याच्या आदल्या वर्षी ही छावणी राजपुतान्यात फिरत असता टॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी तिच्यासमवेत होता. त्याची पत्रे १८१३ साली लंडनास छापली गेली. बिनीवाला पुढे जाऊन पांढरे निशाण रोवी, तेथे महाराजांचे डेरे पडत. मग निरनिराळ्या बाजारांची निशाणे ठरलेल्या क्रमाने लागत. त्यामुळे गाव रोज बदलले तरी छावणीतील गल्ली बदलत नसे. ही व्यवस्था वाचून कौतुक वाटते. परंतु अशा फौजेच्या वाटेवर ज्याचे शेत उभे असे, त्याला या मुक्कामाचे भाडे आपल्या पिकातून भरावे लागे, हेही त्याच पत्रांतून दिसते.

फौजांना धान्य पुरविणाऱ्या लमाणांची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. मोगलांच्या दक्षिणेतील स्वारीत त्यांच्या नायकांना सनद मिळाली म्हणतात की, पाणी नसेल तेथे लोकांच्या रांजणातील पाणी घ्यावे आणि चारा नसेल तेथे छपरावरील गवत काढावे. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यातील तत्त्व खरे आहे. मुक्कामाला पाणी आणि गवत लागतेच, आणि ते कोणाच्या तरी घरचे असते.

याच्या अगदी उलट तत्त्व आपल्या कोकणात १६७३ साली लिहिले गेले. चिपळूणनजीक हलवर्ण येथे पावसाळ्यासाठी छावणीस राहिलेल्या आपल्या अंमलदारांस शिवाजी महाराजांनी पत्र पाठविले. दाणा व गवत बेताने वापरा, ते संपले तर ऐन पावसाळ्यात घोडी मरतील. मग तुम्ही कुणब्याकडून कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी लाकूड, कोणी भाजी उचलू लागाल आणि रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असा त्याचा आशय आहे. विस्तवाविषयी तर महाराज एखाद्या गृहिणीच्या बारकाईने लिहितात. गवताजवळ कोणी चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढील, रात्री दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल, हे सारे त्यांनी आधीच पाहिले आहे. रानात मुक्काम करणाऱ्यासाठी याहून उत्तम नियमावली माझ्या वाचनात नाही.

फौजेची गोष्ट वेगळी, एकट्यादुकट्या वाटसरूची वेगळी, असे कोणी म्हणेल. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेस निघाले, बंडाच्या वणव्यात सापडले, झाशीच्या वेढ्यातून वाचले आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी परतले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केला. हे वैद्य ग्वाल्हेर संस्थानचे न्यायाधीश होते, हे आम्हा वकिलांस सांगावयास आवडते. लुटल्या गेलेल्या या भिक्षुकाला लोकांनी ओसरी दिली, पाणी दिले, म्हणूनच तो वरसईस पोहोचला. त्यालाही मुक्काम फुकट मिळाला. पण तो मागून मिळाला.

पुढे इंग्रजी अमलात वाटेवरची ही वहिवाट कायद्याच्या कात्रीत सापडली. १८७८ च्या आणि नंतर १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलात विनापरवाना शिरणे आणि विस्तव पेटविणे हा गुन्हा ठरला. १८७१ च्या कायद्याने तर कित्येक भटक्या जमातींचे भटकणेच संशयास्पद ठरविले. तो कलंक कायद्याच्या पुस्तकातून १९५२ साली पुसला गेला. २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या व पशुपालक समाजांचा हंगामी वहिवाटीचा हक्क मान्य केला आहे. पुस्तकातील अक्षर आणि रस्त्यावरील वागणूक यांत मात्र अंतर पडते.

हे अंतर मी दुसऱ्याच्या माथी मारीत नाही. काही वर्षांपूर्वी शहरातील एका रस्त्याकडेला गाडिया लोहारांच्या चार गाड्या येऊन थांबल्या. त्यांना उठवावे, असा अर्ज तेथील काही रहिवाशांना हवा होता. तो मी लिहून दिला. भाषा निर्दोष होती, कलमे अचूक होती. आठवड्याने मी तेथून गेलो तेव्हा तीन दगडांची एक काळी चूल तेवढी उरली होती. ज्या शहराचे नावच छावणीवरून पडले, तेथे राहणाऱ्या मी चार गाड्यांचा मुक्काम बेकायदेशीर ठरविला होता.

तरुणांना मी सांगितले की, राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत परवान्याशिवाय पाऊल टाकू नका. हद्दीबाहेर शेतधन्याला विचारा. लाकूड तोडू नका, पाणी मागून घ्या, विस्तव स्वतः विझवा. ते एका शेतकऱ्याच्या खळ्यावर राहून आले. त्याने पैसे घेतले नाहीत. "म्हणजे अखेर फुकटच की, काका!" एकजण हसून म्हणाला. मी त्याला विचारले, "तुझ्याऐवजी त्या खळ्यावर लोहाराची गाडी आली असती, तर तिला जागा मिळाली असती का? आणि तुझ्या दारापुढे?"

तो काही बोलला नाही. त्या अर्जाची प्रत अद्याप माझ्या कपाटात आहे. म्हणून मीही अधिक बोललो नाही.