ताटातली खरबी, टाकीतला गोबी

कर्जत-खालापूरला समुद्र नाही. उल्हास इथून निघून वसईच्या खाडीला मिळते, पाताळगंगा धरमतरच्या. भरतीचं पाणी मात्र इथवर कधी चढत नाही. तरीही आमच्या घरात खाऱ्या पाण्याची टाकी आहे आणि तिच्यात गोबी आहेत. पेणकडचे नातेवाईक विचारतात, "हे खायचे की बघायचे?" त्यांचंही बरोबर आहे म्हणा. खाडीतली खरबी काय नि चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या काय, सगळे याच गोतावळ्यातले. आपल्याकडे गोबी म्हणजे कालवण! टाकीतल्या गोबीची गोष्ट वेगळी आहे, ती आज सांगतो.

समुद्राचे जीव घरात जगवायचं वेड सुरू झालं इंग्लंडात. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं दालन उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं. किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्यांसाठी त्याने समुद्राच्या पाण्याची कृतीही दिली : साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. आपल्या खोपोलीला रेल्वे पोचली १८५६ साली आणि बोरघाट चढली १८६३ साली. म्हणजे इकडे घाटाखाली पहिली शिट्टी वाजत होती, तेव्हा तिकडे लोक दिवाणखान्यात समुद्र मांडत होते!

पण या हौसेची किंमत किनाऱ्याने मोजली. लोक बरण्या घेऊन खडकांवर तुटून पडले आणि डबकी ओरबाडून रिकामी केली. गॉसच्या मुलाने, एडमंडने, १९०७ साली 'फादर अँड सन'मध्ये हे लिहून ठेवलंय. आपल्याच पुस्तकांमुळे हे झालं याचा वडिलांना फार मनस्ताप झाला, असंही तो सांगतो.

आपल्याकडे १९५१ साली मरीन ड्राइव्हला तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. तिथे समुद्र रस्त्यापलीकडेच. कर्जतकराला मात्र पुडीतलं मीठच हवं. असं तयार मीठ 'इन्स्टंट ओशन' या नावाने १९६४ साली निघालं अमेरिकेतल्या ओहायोत, आणि गंमत म्हणजे ओहायोलाही समुद्र नाही. एका लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ. पाणी उडून गेलं की मीठ मागेच राहतं, म्हणून वरून भर घालायची ती गोड्या पाण्याची. एवढं जमलं की समुद्र घरी.

समुद्र पुडीतून आला, पण मासे? ते अजूनही बहुतेक समुद्रातूनच पकडून आणतात. इथेच मला गोबीचं कौतुक वाटतं. फ्लोरिडाकडचा निऑन गोबी जेमतेम बोटाएवढा, काळ्या अंगावर निळी रेघ. मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन तो पोट भरतो. बंद टाकीत ज्या थोड्या समुद्री माशांची पैदास आधी जमली, त्यांतला हा एक. मार्टिन मो यांनी १९७०च्या दशकात फ्लोरिडात क्लाउनफिशबरोबर याचीही पिल्लं वाढवली. जोडी जमली की पाइपच्या तुकड्यातसुद्धा अंडी घालते आणि नर राखण करतो. आठवडाभरात पिल्लं बाहेर येतात, पण इतकी बारीक की त्यांना आधी सूक्ष्म जीवच भरवावे लागतात.

गॉसच्या काळात जे ओरबाडलं गेलं, त्याला हे खरं उत्तर आहे असं मला वाटतं. आपल्याकडे २००१ साली प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, त्यामुळे ते घरी आणायचा प्रश्नच मिटला. माशांचं मात्र बरंचसं आपल्यावरच सोडलेलं आहे. म्हणून दुकानात मी भाव नंतर विचारतो; आधी विचारतो, "समुद्रातला की पैदाशीचा?" बरेचदा दुकानदार नुसतं बघत राहतो. मग मी रिकाम्या हाताने परततो. चालायचंच.

सध्याचे दोन निऑन गोबी पैदाशीचे म्हणून मिळालेत. टाकीत पाइपचा एक तुकडा ठेवलाय, आणि दोघं हल्ली त्याच्या आसपासच असतात. अंडी दिसली तर कळवीनच.