पासष्ट फेरे

१९७९ साली काकांनी अमेरिकेहून एक जुना टर्नटेबल आणला. तिथली वीज ११० व्होल्टची, आपली २३०ची, म्हणून बडोद्याच्या बाजारातून ट्रान्सफॉर्मर घेतला आणि प्रश्न मिटला असे आम्ही धरून चाललो. वडिलांनी जुन्या बाजारात मिळवलेली अब्दुल करीम खाँ यांची भैरवीची तबकडी पहिल्यांदा लावली. आवाज आला तो भरदार, संथ, खर्जाकडे झुकलेला. आम्ही भारावून ऐकत राहिलो.

आजी मात्र उठून आत गेली. तिचे माहेर मिरजेचे. खाँसाहेब तिथेच स्थायिक झालेले, त्यामुळे लहानपणी तिने त्यांना समोर बसून ऐकले होते. "हे खाँसाहेब नव्हेत," ती म्हणाली. "त्यांचा आवाज बारीक, वर चढलेला. तारेसारखा." आम्ही हसलो. चाळीस वर्षांपूर्वीची आठवण आणि थकलेले कान, असे म्हणून विषय संपवला. पुढे मी कॉलेजच्या अंकात खाँसाहेबांच्या 'गंभीर' आवाजावर एक लेखही लिहिला.

आमचे चुकण्याला कारण होते. तबकडी हळू फिरली तर सगळे स्वर एकाच प्रमाणात खाली येतात. षड्ज उतरतो, पण गंधार त्याच्यापासून होता तितक्याच अंतरावर राहतो. भैरवी भैरवीच राहते, बेसूर काही होत नाही. साथीची वाद्येही बरोबरीने उतरतात. त्यामुळे गाणे जाणणाऱ्याचाही कान सहज फसतो.

तरी वडिलांच्या मनात आजीचे शब्द राहिले होते. यंत्राबरोबर वेग तपासायचे कागदी चक्र आले होते. ते फिरत्या तबकडीवर ठेवायचे आणि विजेच्या दिव्याखाली पाहायचे. रेघा स्थिर दिसल्या तर वेग बरोबर. वडिलांनी ट्यूबलाइटखाली पाहिले. ७८च्या वर्तुळातल्या रेघा जागच्या हलेनात. यंत्र निर्दोष ठरले आणि आजी पुन्हा खोटी पडली.

काही महिन्यांनी वडिलांनी तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला, हातात घड्याळ घेतले आणि फेरे मोजले. मिनिटाला पासष्ट! पुन्हा मोजले, पुन्हा पासष्ट.

मग उलगडा झाला. त्या यंत्राच्या मोटरचा वेग व्होल्टवर नव्हे, विजेच्या आवर्तनांवर ठरत होता. अमेरिकेत सेकंदाला ६० आवर्तने, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, आवर्तने नाही. म्हणून ७८चे झाले ६५, तीन मिनिटांचे गाणे साडेतीन मिनिटांच्या वर गेले आणि षड्ज पेटीच्या तीन पट्ट्या खाली आला. कागदी चक्रही अमेरिकेचेच. त्याच्या ९२ रेघा तिथल्या दिव्यासाठी आखलेल्या. आपल्या दिव्याखाली ७७ हव्या होत्या. दिवा आणि मोटर एकाच विजेवर चालत असल्यामुळे दोघेही एकाच प्रमाणात मंदावले होते. आरोपी आणि साक्षीदार एकाच घरचे निघाले.

उपाय साधा होता. लेथवाल्याने मोटरच्या दांड्यावर बसणारी पुली सव्वापटीपेक्षा जरा कमी, नेमकी १.२ पट जाडीची करून दिली. आजीला बोलावून तबकडी पुन्हा लावली. तिने ती शेवटपर्यंत ऐकली आणि "दुसरी बाजू लाव," एवढेच म्हणाली.

नंतर ध्वनिमुद्रणाचा इतिहास वाचू लागलो तेव्हा कळले, की ७८ हा आकडाही फार जुना नाही. १९२५च्या सुमारास विजेवरचे ध्वनिमुद्रण आले आणि तो रुळला. मिनिटाला ३६०० फेरे घेणाऱ्या मोटरला ४६ने भागले की ७८.२६ येतात, ५० आवर्तनांच्या देशांत तोच हिशेब ७७.९२वर थांबतो. त्याआधी एकच एक वेग नव्हता. कोणी ८० छापत, कोणी काहीच छापत नसत. १९०२च्या नोव्हेंबरात फ्रेड गायसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचे गाणे मेणावर उतरवले आणि तबकड्या जर्मनीत हानोव्हरला छापून आल्या. त्या दिवशी मेणाची तबकडी नेमकी किती वेगाने फिरत होती, हे तबकडी स्वतः सांगत नाही.

जाणकार मग इतर खुणा शोधतात. साथीला पेटी असेल तर तिची पट्टी पाहतात, पण त्या काळच्या पेट्याही एकाच सुरात जुळवलेल्या नसत. गौहर जान गाण्याच्या शेवटी इंग्रजीत आपले नाव सांगे. बोलण्याचा आवाज माणसाचा वाटतो की नाही, यावरूनही अंदाज बांधता येतो. तरीही शेवटी तो अंदाजच.

खाँसाहेबांना १९३७पर्यंत ऐकलेली माणसे माझ्या लहानपणी होती. माझ्याच घरात एक होती आणि आम्ही तिला हसलो. १९०२च्या त्या गायिकांना ऐकलेले मात्र आता कोणी नाही. म्हणून जुन्या गायिकांचे आवाज 'कसे चिरके' किंवा 'कसे पुरुषी' होते असे कुठे वाचले, की मी आधी विचारतो: तबकडी किती फेऱ्यांवर लावली होती? कॉलेजच्या अंकातला तो लेख मी अजून जपून ठेवला आहे. त्यात वर्णन केलेला आवाज कोणाचाच नव्हता.