झेब्रा क्रॉसिंगवर आधी कुणी जायचं?

सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर गाड्या थांबत नाहीत, म्हणून पादचारी हात दाखवत, जीव मुठीत धरून पळतात. कायदा मात्र सांगतो की तिथे थांबायचं आहे ते वाहनचालकाने.

केंद्र सरकारने 2017 मध्ये लागू केलेल्या वाहन चालवण्याच्या विनियमांनुसार, अशा क्रॉसिंगजवळ येताना चालकाने वेग कमी करायचा, थांबायचं आणि पादचाऱ्यांना व व्हीलचेअर वापरणाऱ्यांना आधी जाऊ द्यायचं. पुढे वाहतूक तुंबलेली असून गाडी पट्ट्यांवरच अडकणार असेल, तर क्रॉसिंगवर गाडी घालायची नाही. सिग्नल लाल असेल, तर स्टॉप लाइनच्या मागेच थांबायचं.

हे विनियम मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 177अ नुसार 500 ते 1,000 रुपये दंडाची तरतूद आहे. हे कलम 2019 च्या दुरुस्तीने आलं.

एकाच दिशेने दोन-तीन लेन असलेल्या रस्त्यावर धोका जास्त असतो. एका लेनमध्ये बस थांबते, पण बसच्या आडून येणारा माणूस शेजारच्या लेनमधल्या चालकाला दिसत नाही. ताशी 50 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास 14 मीटर पुढे जाते. म्हणजे माणूस दिसून ब्रेक दाबेपर्यंत क्रॉसिंग मागे पडलेलं असतं.

त्यामुळे क्रॉसिंगपाशी शेजारची गाडी थांबली, तर कुणीतरी रस्ता ओलांडतंय असंच चालकाने समजावं. पादचाऱ्यांनीही प्रत्येक लेनमधली गाडी थांबल्याची खात्री करूनच पुढचं पाऊल टाकावं.