मृत्युकिरणाचा हिशेब

एच. जी. वेल्स यांच्या १८९८ सालच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या कादंबरीत मंगळावरचे स्वारीकर्ते डोळ्यांना न दिसणारा उष्णतेचा झोत सोडतात आणि माणसे जागच्या जागी पेट घेतात. वेल्स विज्ञान शिकलेले. त्यांनी युक्तीही सुचवली: उष्णता निसटू न देणारी एक कोठी आणि दीपगृहात असतो तसा लखलखीत आरसा. आरशाचे ठीक आहे हो, पण कोठीत एवढी उष्णता आणायची कोठून? कादंबरीकाराला हे कोणी विचारीत नाही.

सरकारने मात्र विचारले. १९३५ साली, जर्मन विमानांच्या धास्तीने, ब्रिटिश हवाई खात्याने रॉबर्ट वॉटसन-वॉट यांच्याकडे मृत्युकिरणाची पृच्छा केली. त्यांनी आपले साहाय्यक अर्नोल्ड विल्किन्स यांना गणित घातले: पाच किलोमीटर दूर, एक किलोमीटर उंचीवरचे ८ पिंट पाणी ९८ अंश फॅरनहाइटवरून १०५ वर न्यायला रेडिओलहरींची किती शक्ती लागेल? आठ पिंट, अठ्ठ्याण्णव अंश! हे पाणी म्हणजे माणसाचे रक्त, हे विल्किन्स यांनी ओळखलेच. पण लहरी जाता जाता फाकतात. उत्तर आले ते अशक्य कोटीतले.

मग करता काय येईल? विमानांमुळे रेडिओलहरींत गडबड होते, अशी टपाल खात्याच्या अभियंत्यांची तक्रार विल्किन्स यांना ठाऊक होती. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी डॅव्हेन्ट्रीच्या नभोवाणी केंद्राजवळून एक बाँबफेके विमान फिरवले. शेतात उभ्या केलेल्या मोटारीत ही मंडळी बसली होती. विमान आठ मैलांवर असतानाही पडद्यावरचा ठिपका लांबट होत होता.