क्रोकसची निवड : आधी उन्हाळा, मग रंग

ब्रिटनमध्ये ऑगस्ट उजाडला की रोपवाटिकांच्या कॅटलॉगांत क्रोकसच्या छायाचित्रांची पानेच्या पाने येतात. जांभळा, पिवळा, पांढरा, रेघारेघांचा. बहुतेक घरांत निवड या छायाचित्रांवरूनच होते. पहिल्या वर्षी फुले छान येतात. पुढे बरेच कंद दिसेनासे होतात आणि दोष खताला नाहीतर थंडीला दिला जातो. खरे कारण बहुधा उन्हाळ्यात दडलेले असते. क्रोकस वर्षाचा मोठा काळ जमिनीखाली निजून काढतो, आणि तो काळ कोरडा गेला की ओला, यावर त्याचे पुढचे वर्ष ठरते. त्यामुळे घ्यायची जात मूळची कुठली आणि तिथला उन्हाळा कसा असतो, हे आधी पाहावे. रंग नंतर निवडता येतो.

क्रोकस ही आयरिसच्या कुळातली प्रजाती. तिचा कंद आतून पापुद्र्यांचा नसतो, भरीव असतो. वनस्पतिशास्त्रात त्याला घनकंद म्हणतात. हा घनकंद एकच वर्ष जगतो. फुलानंतर पाने लांबतात, अन्न तयार करतात आणि त्या अन्नावर जुन्या घनकंदाच्या डोक्यावर नवा पोसला जातो. जुना सुकून खाली चकतीसारखा उरतो. अशाने कंद दरवर्षी थोडा वर सरकायला हवा, पण काही जाड मुळे आकसून त्याला पुन्हा खाली ओढतात. पाने पिवळी पडली की विश्रांती सुरू होते. वरून काहीच दिसत नसताना याच काळात पुढच्या फुलाची कळी आत घडते. केशराच्या क्रोकसवरील प्रयोगांत कळी धरायला २३ ते २७ अंश सेल्सिअस आणि ती बाहेर पडायला सुमारे १७ अंश तापमान अनुकूल आढळले आहे. म्हणजे गरम, कोरडा उन्हाळा हा अशा जातींच्या दृष्टीने कामाचा हंगाम असतो.

घनकंद हातात घेतला की त्याचे साल निरखून पाहावे. क्रोकस सीबेरी या जातीचे साल जाड तंतूंच्या जाळीचे असते. ख्रिसॅन्थसचे चिवट असून तळाशी गोल कड्यांनी सुटते. टोमॅसिनियानसचे तंतू बारीक आणि जवळपास समांतर. जाती ओळखताना अभ्यासक सालाला मोठे महत्त्व देतात. पाकिटावरचे नाव चुकले असेल तर फुलाआधी सालच ते सांगते. खरेदी करताना कंद दाबून पाहावा. तो कडक आणि आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. पाकिटावरचा ‘५/७’ किंवा ‘९/१०’ हा आकडा कंदाचा घेर सेंटीमीटरमध्ये सांगतो. मोठा आकडा म्हणजे चांगला माल, असे सरसकट धरू नये. टोमॅसिनियानसचा पाच सेंटीमीटर घेराचा कंद पुरता वाढलेला असतो, मोठ्या डच वाणाचा तेवढाच कंद अजून कोवळा असतो.

ओला उन्हाळा सोसणाऱ्या जाती आधी घेऊ, कारण ब्रिटनमधल्या बहुतेक बागांना, विशेषतः लंडनच्या चिकणमातीतल्या बागांना, याच उपयोगी. आल्प्सच्या कुरणांत बर्फ वितळता वितळता फुलणारा क्रोकस व्हर्नस यांत प्रमुख. ‘डच क्रोकस’ म्हणून विकले जाणारे जांभळे ‘रिमेंबरन्स’, पांढरे ‘जान दार्क’, रेघांचे ‘पिकविक’ हे त्याच्या वंशातले. मूळचे कुरणातले असल्याने ते हिरवळीत टिकतात. त्यांच्याबरोबर दिसणारा ठसठशीत पिवळा डच क्रोकस वेगळ्या वंशाचा. तो वांझ संकर आहे, बी धरत नाही, केवळ कंदांनी वाढतो आणि तरी शतकानुशतके बागांत टिकून आहे. चिमण्या पिवळी फुलेच हटकून टोचून फाडतात, ही ब्रिटिश बागवानांची जुनी तक्रार. हिरवळीत लावायचे तर फुले गेल्यावर निदान सहा आठवडे तिथले गवत कापायचे नाही. पाने कापली की नवा कंद उपाशी राहतो.

एकच जात लावायला जागा असेल तर माझी पसंती टोमॅसिनियानसला. बाल्कन प्रदेशातल्या जंगलांत, सावलीच्या उतारांवर हा वाढतो. नाव पडले आहे त्रिएस्तच्या मुत्सियो तोमासिनी या वनस्पतिशास्त्रज्ञावरून. फेब्रुवारीत मातीतून वर येते ती बाहेरून चंदेरी-राखी, सडपातळ कळी, पटकन नजरेत न भरणारी. ऊन पडले की पाकळ्या मागे वळतात, आतला निवळ जांभळा रंग आणि नारिंगी कुक्षी उघडी पडते. ऊन गेले की फूल पुन्हा मिटते. हे सगळे तापमानाच्या जोरावर चालते: ऊब वाढली की पाकळीची आतली बाजू जास्त वाढते, गारवा आला की बाहेरची. घराच्या उत्तरेला, भिंतीच्या सावलीत लावलेला क्रोकस म्हणूनच फुलतो पण उघडत नाही. पानगळीच्या झाडाखालची जागा याला उत्तम, कारण फेब्रुवारीत फांद्या उघड्या असतात आणि ऊन थेट खाली पोचते. मधमाश्याही उघड्या फुलावरच येतात. खारी बाकीचे क्रोकस उकरून खातात, याच्या वाटेला त्या मानाने कमी जातात, असा अनेक बागवानांचा अनुभव आहे. शिवाय तो बियांनी आपोआप पसरतो. मोकळ्या जागेत हा गुण, पण खडकबागेत नाजूक झाडांच्या शेजारी त्याला जागा देऊ नये. गडद रंग हवा असेल त्याने ‘रूबी जायंट’ घ्यावा.

कोरड्या उन्हाळ्याच्या जाती ग्रीस, बाल्कन आणि तुर्कस्तानातल्या उघड्या उतारांवरच्या: ख्रिसॅन्थस, सीबेरी, अंकारावरून नाव मिळालेला अंकिरेन्सिस. ख्रिसॅन्थसच्या वाणांचा इतिहास लंडनच्या उत्तरेला एनफील्डमधल्या मिडल्टन हाउसच्या बागेशी जोडलेला आहे. तिथे एडवर्ड ऑगस्टस बोल्स (१८६५–१९५४) यांनी आयुष्यभर क्रोकस वाढवले आणि १९२४ साली क्रोकस व त्याच्यासारख्या दिसणाऱ्या कोल्चिकमवर पुस्तक लिहिले. आपल्या काही वाणांना त्यांनी पक्ष्यांची नावे दिली. त्यांतला पांढरा, सुवासिक ‘स्नो बंटिंग’ आजही मिळतो. बोल्स यांची जमीन खडीची, कोरडी होती, हे त्यांचे वाण घेताना विसरू नये. चिकणमातीत हेच वाण लावायचे तर वाफा उंच करून भरपूर खडी मिसळावी, नाहीतर कुंडी बरी.

शरदात फुलणाऱ्या जातींचे वेळापत्रक निराळे. वसंतातले क्रोकस सप्टेंबर ते नोव्हेंबर केव्हाही लावले तरी चालतात. शरदातले ऑगस्टमध्ये, फार तर सप्टेंबरच्या सुरुवातीला जमिनीत जायला हवेत. ऑक्टोबरमध्ये दुकानात गेलात तर ते पाकिटातच कोंब काढून बसलेले दिसतात. खोली दोघांनाही आठ-दहा सेंटीमीटर. यांतला स्पेसिओसस सर्वांत सोपा. त्याच्या निळसर जांभळ्या पाकळ्यांवर गडद शिरांचे जाळे असते. फूल येते तेव्हा पाने नसतात आणि खालची नळी लांब, कमकुवत असते, त्यामुळे उघड्या मातीत एका पावसात ते आडवे होते. विरळ गवतात किंवा बुटक्या झाडोऱ्यात लावले तर आधार मिळतो. ओलसर सावलीसाठी रोमानियाकडचा बॅनॅटिकस आहे. याला कंद कोरडे ठेवलेले अजिबात मानवत नाहीत, म्हणून त्याच्याबाबत स्वस्त कोरडा माल टाळावा.

ब्रिटनमधल्या मराठी घरांत क्रोकस घ्यायचा विचार निघाला की केशराचे नाव आधी येते. इथे दोन धोके आहेत. पहिला जिवाशी गाठ असलेला. ‘ऑटम क्रोकस’ या नावाने कोल्चिकमही विकले जाते, आणि ते क्रोकस नव्हेच. त्यातल्या कोल्चिसीनचा थोडा अंशही घातक ठरू शकतो. ओळख सोपी आहे: क्रोकसला पुंकेसर तीन, कोल्चिकमला सहा. केशराच्या फुलात कुक्षीचे तीन लांब लाल फाटे पाकळ्यांबाहेर लोंबतात आणि सोबत गवतासारखी, मध्ये पांढरी रेघ असलेली पाने असतात. कोल्चिकमची रुंद पाने वसंतात येतात आणि त्याचे कंदही कितीतरी मोठे असतात. पुंकेसर मोजल्याशिवाय बागेतले काहीही दुधात घालू नये.

दुसरा धोका निराशेचा. सोळाव्या-सतराव्या शतकांत एसेक्समधल्या सॅफ्रन वॉल्डनला केशराची शेती होती, पण नुसता कंद मातीत सोडून दिला तर ब्रिटिश उन्हाळ्यात त्याला पुरेशी ऊब मिळत नाही. पाने येतात, फूल येत नाही. काश्मीरमध्ये पांपोरच्या करेवा नावाच्या पठारी जमिनीत उन्हाळाभर निजलेले कंद ऑक्टोबरअखेर फुलतात. महाराष्ट्रात अडचण उलटी: ऊब आहे, पण विश्रांतीच्या नेमक्या महिन्यांत पाऊस कोसळतो आणि पुढे हवा तितका गारवा नसतो. पुण्याकडच्या काही जणांनी बंद खोलीत, ट्रेमध्ये, तापमान राखून केशर घेतले आहे. खोलीच्या भिंतींनी त्यांनी पांपोरचा उन्हाळा आणि शरद दोन्ही उभे केले.

ब्रिटनमध्ये केशर हवेच असेल तर त्याला कुंडीत लावावे. पाने वाळली की मे-जूनमध्ये कुंडी काचघरात किंवा दक्षिणेच्या खिडकीत ठेवावी, ऑगस्टअखेरपर्यंत पाणी देऊ नये, मग बाहेर काढून पाणी सुरू करावे. अपेक्षा मात्र माफक ठेवावी. एक किलो केशराला सुमारे दीड लाख फुले लागतात. त्या हिशेबाने पन्नास फुलांचे केशर ग्रॅमच्या एक तृतीयांशाएवढे होते. तेवढ्यात घरच्या श्रीखंडाची सोय नक्की होते. इतर क्रोकसच्या उलट हे फूल एकदा उघडले की रात्री मिटत नाही, म्हणून पाऊस येण्याआधी, सकाळीच कुक्षी खुडून घ्याव्यात आणि कागदावर पसरून सुकवाव्यात.